बाई ओरडल्या नाहीत, तरी पोरं गप्प कशी बसली?

प्रश्न : माझा मुलगा कोल्हापुरात चौथीत शिकतो. शाळेनं पालकांना एक तास वर्गात मागं बसून बघायला बोलावलं होतं. बाई मराठीचा धडा वाचत होत्या आणि खिडकीकडच्या रांगेत दोन पोरं कागदाचे बोळे करून एकमेकांवर टाकत होती. आता बाई ओरडणार, असं मला वाटलं. पण त्या वाचता वाचताच रांगेतून चालत त्या बाकापाशी गेल्या, एकाच्या पुस्तकात चालू ओळीवर बोट ठेवलं आणि तिथंच उभं राहून पुढं वाचत राहिल्या. बोळे बंद झाले. निम्म्या वर्गाला काही घडल्याचं कळलंही नाही. आमच्या वेळी अशा प्रसंगी छडी निघायची आणि वर्ग चिडीचूप व्हायचा. या बाईंनी नेमकं काय केलं? हा स्वभावाचा भाग, की शिकून येणारी गोष्ट?
(एक पालक, राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर : शिकून येणारी गोष्ट आहे. स्वभाव शांत असला तर थोडी मदत होते, पण अतिशय शांत स्वभावाच्या शिक्षकांच्या तासालाही वर्गाचा बाजार झालेला दिसतो आणि घरी चटकन तापणाऱ्या एखाद्या बाई वर्गात चाळीस पोरं आवाज न चढवता सांभाळतात. तेव्हा बाईंचा स्वभाव बाजूला ठेवू आणि त्यांनी काय केलं ते बघू.

निम्म्या वर्गाला काही घडल्याचं कळलं नाही, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मते सगळं मर्म त्या वाक्यात आहे. बोळे फेकणाऱ्या पोराला वाचन नको असतं असं नाही. त्या क्षणी त्याला धड्यापेक्षा बोळा जास्त रंगतदार वाटतो, इतकंच. त्याच्या खेळाला प्रेक्षक दोन-तीन असतात. बाई तिथल्या तिथं थांबून त्याचं नाव घेऊन ओरडल्या असत्या, तर एका क्षणात सगळा वर्ग मान वळवून त्याच्याकडे बघायला लागला असता. धडा थांबला असता. ज्यांना बोळ्यांचा पत्ताच नव्हता त्यांनाही तो लागला असता. आणि त्या पोराला आता दोनच वाटा उरल्या असत्या, सगळ्यांसमोर मान खाली घालायची किंवा उलट काहीतरी बोलून आपली पत राखायची. नऊ-दहा वर्षांचं पोर यातली दुसरी वाट धरतं तेव्हा ते उद्धट असतं म्हणून नव्हे, ते कोंडीत सापडलेलं असतं म्हणून. बाईंनी त्याला या कोंडीत घातलंच नाही. त्या जवळ गेल्या, कुठं वाचतोय ते दाखवलं, आणि त्याला गुपचूप धड्यात परत यायला जागा ठेवली.

यावर संशोधन झालेलं आहे आणि त्याचा इतिहास सांगण्यासारखा आहे. अमेरिकेत डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात जेकब कूनिन नावाचे मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या तासाला मागच्या रांगेतला एक विद्यार्थी उघडपणे वर्तमानपत्र वाचत बसला होता. कूनिन त्याला बोलले, आणि त्यांच्या लक्षात आलं की ज्यांना कुणी काही म्हटलं नव्हतं तीही मुलं एकदम सावरून बसली, नजरा वह्यांत गेल्या. एकाला बोललं की त्याचे तरंग सगळ्या वर्गात जातात, हे त्यांनी हेरलं आणि मग कोणत्या तऱ्हेनं बोललं की वर्ग सुधारतो याचा शोध सुरू केला. कडक बोलावं, मऊ बोलावं, स्पष्ट बोलावं? वर्षानुवर्षांच्या कामात याचं ठाम उत्तर मिळेना. पुढं वर्गांचं व्हिडिओ चित्रण करून त्यांनी बारकाईनं पाहिलं, तेव्हा जे दिसलं ते १९७० साली त्यांच्या पुस्तकात आलं. गडबड झाल्यावर शिक्षक कसा बोलतो, यावरून शांत वर्ग आणि गोंधळाचा वर्ग वेगळे काढता येत नव्हते. फरक होता तो आधीच्या वागण्यात. चांगल्या शिक्षकाचं सगळ्या वर्गावर लक्ष आहे हे पोरांना जाणवत होतं, त्याला एका वेळी दोन गोष्टी सांभाळता येत होत्या, आणि किरकोळ कारणासाठी तो धड्याचा ओघ तुटू देत नव्हता.

तुमच्या बाई वाचत राहिल्या आणि चालत राहिल्या. दोन गोष्टी एका वेळी. ओघ तुटला नाही.

कूनिन यांनी शिक्षकांच्या दोन चुका वेगळ्या काढून दाखवल्या आहेत आणि त्या आपल्याकडच्या कोणत्याही वर्गात सापडतील. पहिली, भलत्यालाच पकडणं. दुसरी, उशीर करणं. म्हणजे एकानं चिमटा काढलेला असतो, दुसरा ओरडतो आणि बोलणी ओरडणाऱ्याला बसतात. किंवा खुसफुस सुरू असते तेव्हा शिक्षक फळ्याकडे तोंड करून असतात आणि ती आख्ख्या रांगेत पसरली की मग एकदम कडाडतात. तालमीत वस्ताद हौद्याच्या कडेला उभा राहून पोराचा पाय चुकीचा पडतानाच ‘पाय बघ’ म्हणतो, पोरगं चीत झाल्यावर नव्हे. बाईंनीही पहिल्या दोन-तीन बोळ्यांतच पाऊल उचललं. गोष्ट लहान असताना उपायही लहान पुरतो. दहा मिनिटांनी त्यांना तो पुरला नसता.

भलत्याला पकडण्याच्या चुकीची सगळ्यात मोठी आवृत्ती म्हणजे सगळ्या वर्गाला शिक्षा. शेंगांच्या टरफलांची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. लोकमान्यांच्या बाणेदारपणाची म्हणून ती सांगितली जाते आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात अजून वठवली जाते. मला त्या गोष्टीत गुरुजींविषयी विचार करावासा वाटतो. वर्गात टरफलं पडली आहेत, कुणी टाकली ते माहीत नाही, कुणी सांगत नाही. गुरुजींपुढची अडचण खरी आहे. पण सगळ्यांना शिक्षा केली की ज्यानं खाल्ल्या तो गर्दीत लपतो आणि ज्यानं खाल्ल्या नाहीत त्याला अन्यायाचा धडा मिळतो. अशा वेळी जाणते शिक्षक चौकशीच्या फंदात पडत नाहीत. ‘वर्ग घाण झालाय, दोन मिनिटांत आवरून घेऊ,’ म्हणतात आणि स्वतः खाली वाकून पहिलं टरफल उचलतात. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत असताना तिथल्या छात्रालयातही राहत. पोरांच्या खोल्यांत पसारा दिसला तर ते न बोलता स्वतः आवरत, ही त्यांची ख्याती होती. शब्द न काढता पोरांना आपापली खोली आवरायला लावणारा तो उपाय होता. मात्र तो प्रेम पोरांपर्यंत पोचलेलं असेल तरच चालतो, हेही खरं.

आता ओरडण्याविषयी. न ओरडण्याचं एक कारण कानाशी आणि घशाशीच जोडलेलं आहे. १९११ साली एतियेन लोम्बार या फ्रेंच डॉक्टरांनी दाखवून दिलं की भोवती गलका वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो. ठरवून नव्हे, आपोआप. वर्गात याचा अर्थ असा की बाईंचा आवाज चढला की पोरं शेजाऱ्याशी बोलताना आणखी मोठ्यानं बोलतात, मग बाईंना आणखी वर जावं लागतं. गगनबावडा किंवा राधानगरी तालुक्यात जुलैच्या पावसात पत्र्याच्या छपराखाली शिकवणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. पत्र्यावर सरी कोसळत असताना ओरडून शिकवायला गेलं तर दिवसाअखेर शिक्षकाचा घसा बसतो आणि वर्गाच्या पदरात काही पडत नाही. मुरलेले शिक्षक अशा तासाला बोलण्याचं काम बाजूला ठेवतात. फळ्यावर लिहून देतात, चित्र काढायला लावतात, दोघांत एक गणित देतात. सर ओसरली की पुन्हा तोंडी.

बोलता बोलता थांबण्यातही ताकद आहे. अमेरिकेतल्या विज्ञान-शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी शिक्षक प्रश्न विचारल्यावर किती वेळ थांबतात हे मोजलं. सरासरी एक सेकंदाच्या आसपास! तो वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवला तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागली आणि शिक्षकांना शिस्तीसाठी टोकायची वेळही कमी आली. मला यातलं शेवटचं फार मोलाचं वाटतं. वर्गातली पुष्कळशी चुळबूळ ही ‘आपल्याला कुणी विचारत नाही’ या भावनेतून येते. हुशार तिघा-चौघांचे हात सतत वर आणि बाई त्यांच्याशीच बोलतायत, मग मागचा बाक आपली करमणूक आपण शोधणारच.

आणखी एक प्रयोग सांगतो, कारण तो आपल्या समजुतीला धक्का देतो. १९६८ साली अमेरिकेतल्या मॅडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिलीच्या एका वर्गात शिक्षकांना सांगितलं, जागा सोडून उठणाऱ्या मुलांना नेहमीपेक्षा जास्त वेळा ‘खाली बस’ म्हणा. जितकं जास्त म्हटलं गेलं तितकी जास्त मुलं उठून उभी राहू लागली. त्याउलट नीट बसून काम करणाऱ्यांचं कौतुक वाढवल्यावर उभं राहणं कमी झालं. दिवसभर ‘गप्प बसा, गप्प बसा’ ऐकू येणारा वर्ग गप्प का बसत नाही, याचं उत्तर इथं आहे. मोठ्या माणसाचं लक्ष हे मुलाला हवंच असतं. चांगलं वागून मिळालं तर चांगलं वागून, नाहीतर दुसऱ्या तऱ्हेनं.

आता तुमच्या छडीकडे येतो. छडीनं वर्ग चिडीचूप व्हायचा ही तुमची आठवण खोटी नाही. पण तो चिडीचूप वर्ग शिकत होता का, हे वेगळं विचारावं लागेल, आणि त्या वर्गातून कोण कोण कायमचं उठून गेलं, हेही. कोल्हापुरात हा प्रश्न विशेष जिव्हाळ्याचा आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्या काळी एक रुपया ही गरीब घराला न परवडणारी रक्कम. मूल शाळेच्या दारापर्यंत आणायला राजाचा हुकूम पुरतो. ज्याच्या घरात आधी कुणी पाटी धरली नव्हती असं मूल पहिल्या आठवड्यात मार खाऊन, सगळ्यांसमोर अपमान होऊन घरी पळालं, तर हुकूम तिथं हतबल होतो. मूल आत टिकतं ते शिक्षकाच्या वागण्यामुळं.

याच कोल्हापुरात लीला पाटील यांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. ना. सी. फडके यांच्या त्या कन्या, आणि शिक्षकांना घडवण्याच्या कामात त्यांचं आयुष्य गेलेलं. २०२० साली त्या गेल्या. भीती, शिक्षा आणि चढाओढ यांच्या आधाराशिवाय मूल आनंदानं शिकतं, हे त्यांनी लेख लिहून सांगितलं आणि प्रत्यक्ष शाळा चालवून दाखवलं. आजच्या कोल्हापुरातल्या शिक्षकांना यासाठी परक्या देशातलं उदाहरण शोधायची गरज नाही, ते याच गावात आहे. शिक्षणाच्या हक्काचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच्या १७ व्या कलमानं शारीरिक शिक्षेसोबत मानसिक छळालाही मनाई केली. पोराला ‘ढ’ म्हणून वर्गासमोर उभं करणं हे छडीइतकंच निषिद्ध आहे, ही गोष्ट अजून सगळ्या शिक्षकखोल्यांत पोचायची आहे.

मात्र छडी टाकली आणि तिच्या जागी काहीच ठेवलं नाही, तर गोंधळ होतो. तक्रार करणाऱ्या शिक्षकांचं हे म्हणणं बरोबर आहे. गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’मधले लक्ष्मीराम मास्तर याचं चांगलं उदाहरण आहेत. पुस्तक काल्पनिक, पण शिक्षकाच्या अनुभवातून आलेलं. त्यांनाही चौथीचाच वर्ग मिळतो. पहिल्याच दिवशी ते मोठ्या आशेनं शांततेचा खेळ घ्यायला जातात आणि पोरं आरडाओरडा करून त्यांची दाणादाण उडवतात. मग ते गोष्टींकडे वळतात, आणि तीच पोरं कान टवकारून बसतात. बाईंचं त्या बाकापाशी नुसतं उभं राहणं पुरलं, कारण तिथं परत येण्याजोगा धडा चालू होता. धडा नीरस असता तर बाई दुसऱ्या रांगेत गेल्याबरोबर बोळे पुन्हा उडाले असते.

तुम्हाला एका तासात जे दिसलं नाही, ते जून महिन्यात घडलेलं असतं. शाळा उघडल्यावरच्या दोन-तीन आठवड्यांत असे शिक्षक शिकवण्याइतकाच वेळ सवयी लावण्यात घालवतात. वह्या कशा गोळा करायच्या, पाणी प्यायला कधी जायचं, काम आधी संपलं तर काय करायचं, बाईंनी हात वर केला की काय समजायचं. पोरांची भांडणं बघा, बहुतेक मोकळ्या मिनिटांत होतात. तास बदलताना, वह्या वाटताना, खिचडीच्या रांगेत. ती मिनिटं बांधून घेतली की निम्मं काम झालं. बसायच्या जागाही विचार करून ठरवलेल्या असतात, आणि बाईंना प्रत्येक बाकापर्यंत पोचता येईल एवढी वाट मोकळी असते. ती वाट नसती तर त्यांना लांबूनच ओरडावं लागलं असतं.

त्या प्रसंगाचा शेवटही तुम्ही पाहिला नसेल. तो बहुधा मधल्या सुट्टीत, दाराशी, दोन मिनिटांत झाला असेल. साधारण असा :

‘काय रे, आज हात शिवशिवत होते व्हय?’

‘बाई, त्यानंच आधी मारला.’

‘बरं. मग उद्या त्यानं मारला तर तू काय करणार?’

पोरगं गप्प.

‘इकडं पुढच्या बाकावर बसतोस, का तिथंच बसून जमवतोस?’

‘तिथंच जमवतो बाई.’

‘बघू. आणि बोळे उचलून टोपलीत टाक, मग डबा खा.’

कुणी आधी मारला याचा निवाडा झाला नाही. उपदेशही झाला नाही. पोराला निवड मिळाली, केलेला कचरा उचलावा लागला, आणि डबा खायला वेळही उरला. दुसऱ्या दिवशी बाई या गोष्टीची आठवण काढणार नाहीत. ही शेवटची गोष्ट सगळ्यात अवघड, असं मला वाटतं. एकदा व्रात्य ठरलेल्या पोराकडे रोज नव्या नजरेनं बघायचं, हे शिक्षकाच्या कामातलं फार कष्टाचं काम आहे, आणि त्यासाठी कुणी शाबासकी देत नाही.

हा उपाय कुठं चालत नाही तेही सांगायला हवं. जात, अंगाचा रंग, तोतरेपणा, घरची गरिबी यांवरून चिडवणं हे किरकोळ नव्हे. दमदाटी, मारहाण, डबा-पैसे हिसकावणं हेही नव्हे. तिथं न बोलता शेजारी उभं राहणं म्हणजे ज्याला त्रास होतोय त्याला वाऱ्यावर सोडणं. आवाज तिथंही शांतच ठेवावा, पण धडा थांबवून स्पष्ट शब्दांत ‘हे या वर्गात चालणार नाही’ म्हणावं आणि मुख्याध्यापकांना व पालकांना लगेच कळवावं. दुसरीकडे काही खोड्या या खोड्याच नसतात. फळा दिसत नाही म्हणून शेजाऱ्याच्या वहीत डोकावणारा, कानात दोष असल्यानं ‘ऐकत नाही’ असा शिक्का बसलेला, सकाळी उपाशी आलेला, ऊसतोडीच्या हंगामात आईबापांबरोबर गाव सोडून आलेला आणि भर वर्षात अनोळखी वर्गात बसवलेला. या पोरांना शिस्त लावण्याआधी विचारपूस करावी लागते.

आणि संख्या. कायद्यानं पहिली ते पाचवीत एका शिक्षकामागं तीस मुलं धरली आहेत, सहावी ते आठवीत पस्तीस. एकाच खोलीत साठ पोरं कोंबली आणि दोन बाकांमधून वाटच उरली नाही, तर या बाईंनाही तिथं पोचता येणार नाही. शिक्षकाकडून शांतपणाची अपेक्षा करताना त्याच्या वर्गात किती पोरं आहेत हे आपण विचारलं पाहिजे.

प्रश्न : ‘नाही ऐकलं तर दोन फटके द्या, आमची हरकत नाही,’ असं आम्ही काही पालक शाळेत सांगून आलो आहोत. हे चूक आहे का?
(एक आजोबा, कागल)

उत्तर : हो, चूक आहे. पालकाच्या परवानगीनं १७ वं कलम रद्द होत नाही आणि तुमच्या शब्दावर विसंबून हात उगारणाऱ्या शिक्षकावर खात्याची कारवाई होऊ शकते. तुम्ही हे प्रेमापोटी, नातवानं शिकावं म्हणून सांगता, हे मला समजतं. पण ते नातवाच्या कानावर जातं आणि घर व शाळा दोन्हीकडे आपली बाजू घेणारं कुणी नाही, असं त्याला वाटायला लागतं. पुढच्या पालकसभेला वेगळं विचारून बघा. तो कोणत्या बाकावर बसतो? तिथून त्याला फळा वाचता येतो का? चुळबूळ दिवसभर असते की एखाद्याच तासाला? आणि त्याला कोणतं काम दिलं की तो मान खाली घालून बसतो? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, तर त्यातलं थोडं काम घरीही द्या.